जिज्ञासाची निवड

हरेशने काउंटरवर स्वतःचा तळवा उताणा ठेवला, दुसऱ्या हाताचं बोट मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत सावकाश नेलं आणि म्हणाला, "साहब ने ऐसे दिखाया, मॅडम. बोले, बच्ची का हाथ इतना है, इस नाप का ग्लव्ज निकाल के रखना, वकील मॅडम लेने आएँगी." मग त्याने मागच्या फळीवरून एक खोका काढून तिच्यापुढे सरकवला. दुकानात नव्या रबराचा वास कोंडला होता. बाहेर उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या गल्लीत कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं आणि अख्खी गल्ली त्याला 'आने दो, आने दो' म्हणत होती. वैदेही त्या खोक्याकडे बघत राहिली. कोर्टातून निघाल्यावर वाटेत जिज्ञासासाठी हातमोजे घ्यावेत हे तिच्या मनात आलं होतं, आणि ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"कोणते साहेब?" तिने विचारलं. विचारताना तिला उत्तर ठाऊक होतं.

"हिंदुराव साहब, और कौन? परवा येऊन गेले. आणि अभिनंदन हां मॅडम, बेटी इंडियाच्या कॅम्पला चालली!" मग तिचा चेहरा बघून त्याने जीभ चावली. "लिस्ट अजून आली नाय काय? सॉरी मॅडम, माझ्या तोंडातून निघून गेलं. किट आमच्याकडूनच जातो ना, म्हणून साहब बोलले."

खोक्यात दोन पांढरे पंजे एकमेकांवर पालथे घातले होते. वैदेहीने हात लावला नाही. माप बरोबर होतं, ते नुसतं बघूनच कळत होतं. सोळा वर्षं ती तो हात धरत आली होती, त्याची नखं कापत, त्याला मेंदी लावत, त्याच्या करंगळीला प्लास्टर घातलं तेव्हा त्याला उशीवर टेकवून ठेवत. एका परक्या माणसाने तो हात स्वतःच्या तळव्यावर काढून दाखवला होता आणि तो जराही चुकला नव्हता.

"माप चुकलंय म्हणून सांग त्यांना," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली. मागून हरेशचा आवाज आला, "अरे मॅडम, ले जाओ ना! साहब को मैं क्या बोलूँ?"

स्कूटर अंबरनाथच्या दिशेने निघाली तरी तिच्या डोळ्यांपुढून हरेशचं ते बोट हलेना. वालधुनी नदीचा पूल आला तसा तो नेहमीचा आंबूस, घशाला धरणारा वास आला आणि तिने सवयीने श्वास रोखला. ती स्वतःला समजावू लागली. या सगळ्या पट्ट्यात फुटबॉलच्या कीपरचे चांगले हातमोजे एकाच दुकानात मिळतात, तेव्हा आई आज ना उद्या तिथे जाणारच. ट्रायल हिंदुरावांच्या देखरेखीखाली झाली, तेव्हा मुलीच्या हाताचा अंदाज त्यांना असणारच. किटची ऑर्डर हरेशकडे, तेव्हा ते त्याच्या दुकानात जाणारच. प्रत्येक गोष्टीला साधं उत्तर होतं आणि सगळी उत्तरं एकत्र ठेवली की ती साधी राहत नव्हती. चौकशी समितीच्या पहिल्या बैठकीत उन्नती हेच म्हणाली होती, वेगळ्या शब्दांत. उन्नती कॅम्प एकची मुलगी, एके काळची देशाच्या संघातली कीपर, आता ज्युनियर मुलींच्या शिबिरात सहायक कोच. समितीसमोर ती बराच वेळ टेबलाच्या कडेकडे बघत बसली होती. मीनलने, म्हणजे फुटबॉल महासंघाच्या दिल्ली ऑफिसातून आलेल्या समितीच्या प्रमुख बाईने, तिला 'सुरुवातीपासून सांगा' म्हटल्यावर ती म्हणाली होती, "आधी ते हात बघतात. एवढंच. त्यात काय कुणाला सांगणार? सगळ्या कीपरना माहीत असतं, आधी ते हात बघतात." आणि नंतर तिने जे सांगितलं ते वैदेहीने कोर्टाच्या सवयीने, चेहरा न हलवता ऐकलं होतं. मोज्यांचं माप घ्यायचंय म्हणून गेस्ट हाउसच्या खोलीत बोलावणं. दार लोटून घेणं. रडणाऱ्या मुलीला पुढच्या सामन्यात बाकावर बसवणं. हिंदुराव महासंघाचे सरचिटणीस. संघ त्यांच्या सहीने ठरत होता, कोच त्यांच्या सहीने राहत आणि जात होते.

आणि त्या समितीत वैदेही होती, कारण बायकांच्या छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीत एक सदस्य बाहेरचा लागतो असा कायदा आहे. उल्हासनगरच्या कोर्टात बायकांच्या केसेस लढवणारी वकील, म्हणून तिचं नाव सुचवलं गेलं होतं. सुचवलं होतं हिंदुरावांनीच. तेव्हा तक्रार नव्हती, काहीच नव्हतं, नुसता एक सोपस्कार होता. "आपल्या अंबरनाथचीच पोरगी आहे, माझ्या हाताखाली खेळलेली," असं ते दिल्लीत म्हणाले होते म्हणे. वैदेहीने मीनलला फोनवर ते आधीच सांगून टाकलं होतं, लहानपणी मी त्यांच्या संघात होते, चालेल का? मीनल हसली होती. "अहो, मग अंबरनाथमध्ये आम्हाला कुणी मिळणारच नाही."

ते खरंच होतं. फॉरेस्ट नाक्याशी सिग्नलला थांबताना तिला तो उन्हाळा आठवला. कॉलनीमागचं लाल मातीचं मैदान, ज्यावर तोवर फक्त मुलगे खेळत. हिंदुराव तेव्हा तिशीतले, एका कंपनीत कारकून, गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट. ते घरोघरी जाऊन मुलींच्या वडिलांची समजूत काढत. वैदेहीच्या घरी आले तेव्हा खुर्ची असून जमिनीवर बसले, चहा बशीत ओतून प्यायले आणि तिच्या वडिलांना म्हणाले, "पोरीची जबाबदारी माझी." वडिलांनी नुसती मान हलवली होती. ती पहिल्यांदा चड्डी घालून मैदानावर उतरली तेव्हा गॅलरीतून बायका हसत होत्या, आणि हिंदुरावांनी त्या गॅलरीकडे तोंड करून एवढ्या जोरात शिट्टी फुंकली होती की हसणं थांबलं. तिला ते विसरता येत नव्हतं. विसरायचंही नव्हतं. त्या शिट्टीने तिला एक सरळ कणा दिला होता आणि त्याच कण्याने ती आज त्यांच्या चौकशीला बसत होती. तिने स्वतःची सगळी आठवण चाचपून पाहिली होती, रात्रीची भिंत चाचपावी तशी. कुठे काही खटकणारं, एखादा स्पर्श, एखादा शब्द. काही नव्हतं. पण ती फॉरवर्ड खेळत होती. कीपर सखू होती.

सखू बदलापूरच्या पलीकडच्या गावातली, आगऱ्यांची, पायात कधी बूट न घालणारी. चेंडू तिच्या छातीशी आला की चिकटून बसे. एका परगावच्या स्पर्धेनंतर ती मैदानावर आलीच नाही. 'लगीन ठरलं असेल,' सगळ्या म्हणाल्या. वैदेहीही म्हणाली असेल.

बदलापूरला घरी आली तेव्हा जिज्ञासा ओट्याजवळ उभ्याने पोहे खात होती, कोपरावर मातीचा पट्टा, केस ओले.

"मिळाले ग्लव्ज?"

"नाही. संपलेत." वैदेहीने पाण्याचा पेला भरला आणि हातातच ठेवला. "हिंदुराव सर तुला कधी भेटले होते?"

"ट्रायलला. का?"

"काय म्हणाले?"

"रीच चांगला आहे म्हणाले. हात बघितला." जिज्ञासाने चमचा चाटला. "यार आई, असं काय बघतेस? ग्राउंडवर, सगळ्यांसमोर. सगळ्या कीपरचा बघतात ते." मग काहीतरी आठवून ती म्हणाली, "हां, तुला नमस्कार सांगितलाय. मी विसरलेच."

फ्रीज घरघरत होता. वैदेहीला वाटलं, ही मुलगी आत्ता या क्षणी सुखरूप आहे, हिला काही झालेलं नाही, आणि हे आपल्याला किती वेळ म्हणता येईल? तेवढ्यात जिज्ञासाचा फोन वाजला. पलीकडून कुणी मैत्रीण किंचाळत होती. जिज्ञासाही किंचाळली, वाटी ओट्यावर आपटली आणि आईच्या अंगावर झेपावली. "आई! इंडिया कॅम्प! लिस्ट आली! मी आहे!" घाम, खोबरेल तेल आणि माती यांचा एकत्र वास आला. वैदेहीचे हात तिच्या पाठीवर जायला क्षणभर उशीर झाला. जिज्ञासाला तो कळला असावा. ती मागे सरकली आणि आईकडे बघत म्हणाली, "तुला आनंद नाही झाला?"

"झाला ना," वैदेही म्हणाली. "खूप झाला."

तिचा नवरा समीर अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत अधिकारी. घरी आला की आधी हात घासून धुवायचा, तरी बोटांना एक कडवट वास राहायचा. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून त्याने सगळं ऐकून घेतलं. मुलगी आतल्या खोलीत दार लावून मैत्रिणींशी बोलत होती. तो हळू आवाजात म्हणाला, "त्याने तुला विकत घेतलेलं नाही. विकत घ्यायचं असतं तर आधी विचारलं असतं. त्याने तुला बाद केलंय."

"म्हणजे?"

"तू त्याला सोडलंस, तर लोक म्हणणार, मुलगी कॅम्पात गेली म्हणून सोडला. दोषी ठरवलंस, तर तो म्हणणार, हिला मुलीसाठी अजून काही हवं होतं, दिलं नाही म्हणून सूड काढला. आणि तू समितीतून उठलीस, तर तुझ्या जागी तो आपलं माणूस बसवणार. कसंही करून तुझ्या शब्दाला किंमत नाही."

"आणि जिज्ञासाने कॅम्प सोडला तर?"

दोघंही त्या बंद दाराकडे बघत राहिले. आतून जिज्ञासाच्या हसण्याचा आवाज आला, मोठा, बेफिकीर. समीरने पेढ्यांचा पुडा सोडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी कात्रपच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. जिज्ञासाचा तो फोटो कुठून मिळवला देव जाणे, शाळेच्या स्नेहसंमेलनातला असावा, ओठांना लिपस्टिक लावलेला. 'बदलापूरच्या कन्येचे हार्दिक अभिनंदन.' तिच्या वर तिच्या दुप्पट आकाराचे हिंदुराव, हात जोडलेले, पांढऱ्या कपड्यांत. वारा आला की फ्लेक्स फुगायचा आणि त्यांचे जोडलेले हात पुढे येऊन तिच्या केसांना लागल्यासारखे दिसायचे. वैदेही कोर्टात जाताना त्या नाक्यावरून मान वळवून जाऊ लागली. पण न बघणंही एक बघणंच होतं. सोसायटीच्या सेक्रेटरीने जिन्यात गाठून सांगितलं, वहिनी, आपल्या पाण्याच्या लाइनचं काम मार्गी लागलं बरं का, साहेबांनी फोन टाकला. रिक्षावाले तिला 'ताई' म्हणून जागा द्यायला लागले. कोर्टाच्या आवारात एक वकील, ज्याने तिला कधी ओळख दाखवली नव्हती, चहा पाजायला आला. कुणी धमकी दिली नाही, कुणी वाईट बोललं नाही. सगळे हसत होते. त्या हसण्यांचा एक गोल होता आणि तो रोज थोडा लहान होत होता. तिला घशात सारखा तो पुलावरचा वास जाणवायचा, बदलापुरातसुद्धा, बाथरूममध्ये दार लावून उभी राहिली तरी.

रविवारी सकाळी ती एकटीच बारवी धरणाच्या रस्त्याने सखूच्या गावी गेली. शेतं विकून लोकांनी दुमजली बंगले बांधले होते, दारात मोटारी आणि त्यांच्या शेजारी म्हशी. सखू मागच्या पडवीत मासळी साफ करत बसली होती. अंगाने भरलेली, केस पांढरे, पण वैदेहीने आधी हातच ओळखले. रुंद, लांब बोटांचे, अजून तसेच.

"काय गो वैदेही, इवऱ्या वर्सांनी?" सखूने पदराने पाट पुसून पुढे केला. "टीवीवर येतंस का काय तू? गावात बोलतान, वकील जाली म्हून."

इकडचं तिकडचं झालं. मुलगा बांधकामाचं सामान पुरवतो, सून शिकलेली, नातू अंगणवाडीत. मग वैदेहीने विचारलं, "सखू, तू खेळणं का सोडलंस?"

सखूची सुरी थांबली नाही. "लगीन जाला ना."

"लग्न त्यानंतर कितीतरी उशिरा झालं तुझं. मी जेवायला आले होते."

एक मांजर पडवीच्या कडेला येऊन बसलं. सखूने माशाचं एक डोकं त्याच्याकडे फेकलं. ती पुढच्या माशाचे खवले काढू लागली, आणि वैदेही कोर्टात शिकली होती की अशा वेळी दुसरा प्रश्न विचारायचा नसतो. पण इथे ते शिकणंही लाजिरवाणं वाटत होतं, जसं काही ती मैत्रिणीला पिंजऱ्यात उभी करत होती.

"मना तवा कोनी इचारला नाय," सखू शेवटी म्हणाली, रागाने नाही, एखादी वस्तू कुठे ठेवलीय ते सांगावं तसं. "आयनी नाय, बानी नाय. तुमी पोरींनी पन नाय. मी घराच्या मागं बसून वाट बगली कोन तरी येल म्हून. आता तू आलीस. आता काय करू मी त्याचा?"

"समितीपुढे सांगशील?"

"नाय." तिने लगेच सांगितलं. "माजी सून हाय घरात. तिचे पुढं मना मान वर करून फिरायचा हाय."

वैदेहीने मान हलवली. निघताना सखू तिला रस्त्यापर्यंत सोडायला आली, हात अजून ओले, अंगापासून लांब धरलेले. स्कूटर सुरू झाल्यावर म्हणाली, "तुजी पोर कीपर हाय ना? नाक्यावर बोरड बगला मी. त्याचे खाली उबी हाय." मग जरा थांबून, आवाज न चढवता, "तिला त्या कॅम्पला नको धारू."

परतीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना पळस पेटला होता आणि वैदेहीला त्यातलं काही दिसलं नाही. एवढ्या वर्षांत त्या शिट्टीचा आवाज तिच्या कानात अभिमानासारखा राहिला होता. आता तिला त्या आवाजाच्या मागे एक घर दिसत होतं आणि घराच्या मागे एक मुलगी, वाट बघत बसलेली. म्हणजे तो चांगला होता तेव्हाही तो हाच होता. चांगुलपणा आधी आणि हे नंतर, असं नव्हतंच. दोन्ही एकाच हाताने, एकाच उन्हाळ्यात.

घरी येऊन ती जिज्ञासाच्या खोलीत गेली. पलंगावर उघडी बॅग होती. शिबिराला अजून वेळ होता तरी मोजे, टॉवेल, व्हिटॅमिनच्या गोळ्या भरून झाल्या होत्या.

"जिज्ञासा, तू या कॅम्पला जाऊ नयेस असं मला वाटतं."

जिज्ञासाने आधी हसण्याचा प्रयत्न केला. "का?"

"आत्ता सांगता येत नाही. कायद्याने सांगता येत नाही."

"बाबांना सांगता येतं?"

वैदेहीने बॅगेतल्या टॉवेलची घडी उगाच सरळ केली.

"तू वकील आहेस ना?" जिज्ञासाचा आवाज कापला. "कारण न सांगता शिक्षा कोण देतं? मी सकाळी पाचला उठते, मी बोट मोडून घेतलं, मी मुलांच्या टीममध्ये शिव्या खात खेळले. माझं सिलेक्शन माझं आहे, आई. तुझं नाही."

वैदेहीला म्हणायचं होतं, तेच तर मला कळत नाहीये. पण ते वाक्य एकदा बाहेर पडलं असतं तर पुन्हा आत घेता आलं नसतं. ती दार ओढून बाहेर आली.

सुनावणी अंबरनाथलाच ठेवली होती, मैदानाच्या कडेला बांधलेल्या नव्या इमारतीत, कारण तक्रारदार आणि साहेब दोघंही याच पट्ट्यातले. वैदेही पोचली तेव्हा हिंदुराव व्हरांड्यात उभे राहून मैदानाकडे बघत होते. खाली मुलगे सराव करत होते. आता साठी ओलांडलेली, चालताना एक गुडघा जपायचे. त्यांनी वळून पाहिलं आणि चेहरा उजळला, अगदी खरा उजळला, हे तिला सगळ्यात जास्त टोचलं.

"वैदेही. ये. पोरगी चांगली आहे तुझी." ते जवळ आले. "तुझ्यापेक्षा चांगली. तू घाबरायचीस अंगावर आलं की. ती नाही घाबरत."

"सर, मी आत जाते."

"जा ना. तुझं काम तू कर. मी कधी कुणाला अडवलंय?" आणि मग पुन्हा मैदानाकडे बघत, जणू स्वतःशीच, "हिच्या बापाला मी शब्द दिला होता. पोरीची जबाबदारी माझी. अजून पाळतोय बघ."

आत लांब टेबल होतं. एका बाजूला समितीच्या खुर्च्या, मधोमध मीनल, तिच्या शेजारी महासंघाची डॉक्टर आणि ऑफिसातला एक गृहस्थ. समोर उन्नती, एकटी. हिंदुराव बाजूला बसले, पाय पसरून. वैदेही आपल्या खुर्चीपाशी गेली, पण बसली नाही.

"मीनलताई, बैठक सुरू व्हायच्या आधी. माझ्या मुलीची महासंघाच्या शिबिरात निवड झाली आहे. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्या सहीने. मी या समितीत बसू शकत नाही. मी बाजूला होते."

हिंदुरावांनी मान किंचित झुकवली, समजूतदारपणे. मीनलने सुस्कारा सोडला. त्यात सुटका होती. "ठीक आहे. मग नवीन सदस्य येईपर्यंत आपण ही तक्रार..."

"थांबा. माझं झालं नाही." वैदेहीने खुर्ची उचलली. ती जड होती आणि फरशीवर घासत गेली. तिने ती टेबलाला वळसा घालून उन्नतीच्या शेजारी आणून ठेवली आणि बसली. "सदस्य म्हणून मी संपले. आता माझी साक्ष नोंदवा. निवड जाहीर व्हायच्या आधी हे उल्हासनगरच्या एका दुकानात गेले आणि माझ्या मुलीच्या हाताचं माप दाखवून आले. मी तिथे येणार असा निरोप ठेवून आले. ही चौकशी चालू असताना."

हिंदुराव हसले. "हातमोजे दिले म्हणून फाशी देणार का मला?"

"ते इथे ठरणार नाही, सर." तिचा आवाज तिला स्वतःचा वाटत नव्हता. "इथे बसलेले सगळे तुमच्या हाताखाली काम करतात. तक्रार मालकाविरुद्ध असेल तर ती जिल्ह्याच्या समितीकडे जाते. तुम्ही म्हणाल, सरचिटणीस म्हणजे मालक नव्हे. त्यावर आपण तिथे वाद घालू. उन्नतीची वकील मी आहे. आणि पोलिसांतही जाणार आहोत."

खालून मैदानावरचा आरडाओरडा वर येत होता. उन्नतीने तिच्याकडे पाहिलं नाही. फक्त तिचा गुडघा, जो इतका वेळ टेबलाखाली हलत होता, तो थांबला. हिंदुराव वैदेहीकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादा खेळाडू मैदानावर कुठे धावेल हे आधीच ठाऊक असणाऱ्या कोचची ती नजर होती. मग ते उठले आणि दारापाशी थांबून म्हणाले, "पोरीला विचारलंस का?"

पुढचं सावकाश झालं, जसं सगळं होतं. आधी महासंघाने पत्रक काढलं की आरोप निराधार आहेत. मग दुसऱ्या राज्यातल्या एका कीपरने उन्नतीला फोन केला, मग आणखी एकीने. मग वर्तमानपत्रांत आलं. सरचिटणीस प्रकृतीच्या कारणास्तव रजेवर गेले, रजेवर असतानाच पदावरून गेले, एक रात्र कोठडीत राहिले आणि जामिनावर सुटले. नाक्यावरचा फ्लेक्स कुणी कधी उतरवला ते कळलं नाही. एके दिवशी तिथे दुसऱ्याच कुणाचा वाढदिवस होता. सोसायटीच्या पाण्याचं काम अर्धवट राहिलं आणि जिन्यात सेक्रेटरी भिंतीकडे बघून जाऊ लागला. सखूचा निरोप आला नाही. ते शिबिर रद्द झालं, नवी निवड समिती आली, नव्या ट्रायल झाल्या. नव्या यादीत जिज्ञासाचं नाव नव्हतं. का नव्हतं, ते कुणी सांगितलं नाही. कदाचित तिच्यापेक्षा चांगल्या मुली होत्या. कदाचित वैदेहीची मुलगी कुणालाच नको होती. विचारायचं कुणाला?

जिज्ञासाने आईला काही म्हटलं नाही. तेच वाईट होतं. ती वेळेवर जेवायची, क्लासला जायची, पेपर उघडून त्यातल्या बातम्या वाचायची आणि घडी घालून ठेवायची. वैदेहीने, जेवढं सांगता येत होतं तेवढं, एकदा सांगितलं होतं. जिज्ञासाने ऐकून घेतलं आणि 'ओके' म्हटलं. ती सरावाला जात होती, पण येताना अंगावर माती नसायची. वैदेही हे बघत होती आणि रोज संध्याकाळी कोर्टातून येताना तिच्या मनात एकच हिशेब पुन्हा पुन्हा मांडला जायचा. ही पोर चांगली आहे का, हे मला कळत नाही, कारण मी आई आहे. समीरला कळत नाही. नव्या निवड समितीला ते सांगायचं नाहीये. ज्याला खरंच कळतं, ज्याने आयुष्यभर मुलींमधून खेळाडू ओळखून काढल्या, असा एकच माणूस आहे. 'तुझ्यापेक्षा चांगली' असं तो म्हणाला होता. ते तिने जिज्ञासाला सांगितलं नव्हतं. त्याच्या तोंडचं चांगलं वाक्यही घरात आणायची तिला भीती वाटत होती.

एका दुपारी ती लवकर घरी आली तर जिज्ञासा बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसलेली, टीव्ही बंद, फोन मांडीवर पालथा. पडदे ओढलेले होते. वैदेहीने पर्स ठेवली.

"काय झालं?"

"मी त्यांना फोन केला होता."

कुणाला, हे विचारायची गरज नव्हती. वैदेही दारातच उभी राहिली. बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"मला फक्त एक विचारायचं होतं," जिज्ञासा म्हणाली. तिचा आवाज सपाट होता, पाठ केलेल्यासारखा. "की मला खेळावर घेतलं होतं, की तुझ्यामुळे. तेवढंच. मला झोप येत नाही, आई. मी बॉल पकडते आणि मला कळत नाही की मी चांगला पकडला की नाही."

"काय म्हणाले?"

"खूप चांगले बोलले. माझी आठवण काढली म्हणाले. म्हणाले, असं फोनवर सांगायची गोष्ट नाही. भेटायला ये, समोर बसून सांगतो."

समोर तिची मुलगी होती, तिच्याएवढी उंच झालेली, आणि तिच्यापर्यंत पोचायला जी चार पावलं होती ती वैदेहीला टाकता येईनात. "मग?"

"मी विचारलं, कुठे येऊ."

"जिज्ञासा."

"त्यांनी जागा सांगितली. वेळ सांगितली." जिज्ञासाने पहिल्यांदा मान वर केली. डोळे कोरडे होते आणि खूप मोठे. "आणि म्हणाले, आईला सांगू नकोस."

मग ती म्हणाली, "म्हणून तुला सांगतेय."